बदललेलं तेवढंच

पनवेलच्या ऑफिसात साहेबांचा एक नियम होता. साइटमध्ये काहीही बदललं, एक स्वल्पविराम का असेना, अख्खा फोल्डर सर्व्हरवर चढवायचा. आमची साइट एका लाँच कंपनीची; म्हणजे वेळापत्रक, तिकिटं आणि समुद्राचे ढीगभर फोटो. सर्व्हर दोन, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. दोन्हीकडे तेच फोटो पुन्हा पुन्हा चढवायचे. पनवेलला होते तोवर हा मूर्खपणा मी निमूट केला, कारण तिथे नेट धो धो होतं आणि चहा फुकट होता.

मग वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आई नाही, मी एकुलती एक. दिवसातून चारदा थेंब घालायला माणूस हवं, म्हणून रेवसजवळच्या आमच्या गावी येऊन घरून काम करायला लागले. इथे नेट आहे, पण त्याच्या मर्जीने. फोल्डर चढायला अख्खी सकाळ जायची आणि मध्येच लाइट गेली की साइट अर्धी नवी, अर्धी जुनी. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, तिथून जमत नसेल तर पनवेलला या. नाहीतर आम्ही दुसरं कोणी बघतो."

माझं डोकंच फिरलं. बाबांना सोडून जायचं ते कशासाठी, तर न बदललेले फोटो चढवायला? मुंबईला निघालेला माणूस दरवेळी घराची कौलं काढून सोबत नेत नाही.

आमचा सगळा कोड गिटमध्ये होता. कोणती फाइल कधी बदलली, कोणी बदलली, हे त्याला तोंडपाठ. मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा प्रोग्राम, लिहिली. दोन्ही सर्व्हरवर चिठ्ठीएवढी एक फाइल ठेवली. शेवटचा कोणता बदल इथवर पोचला त्याची खूण तिच्यात. स्क्रिप्ट ती खूण वाचायची, तेव्हापासून काय बदललं ते गिटला विचारायची आणि तेवढंच पाठवायची. बाबांच्या डोळ्यात थेंब घालून परत येईपर्यंत काम झालेलं असायचं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रिस्क नको. काही राहून गेलं तर?" मी म्हटलं, "गिट विसरत नाही." त्यांनी तरीही नाहीच म्हटलं. मी तरीही स्क्रिप्टच चालवली, आणि महिनाभर कोणाला पत्ता लागला नाही.

मग पावसाळी वेळापत्रक आलं. मी नवं पान केलं, जुनं गिटमधून काढून टाकलं आणि स्क्रिप्ट चालवली. दुसऱ्या दिवशी बाबांची मुंबईला तपासणी होती. सोबत येते म्हटलं तर "मी काय आंधला हाय?" म्हणून मलाच गप्प केलं, भाऊच्या धक्क्यावर आतेभाऊ न्यायला येणार होता. मी ऑफिसच्या कॉलवर असतानाच ते निघून गेले. थोड्या वेळाने त्यांचा फोन.

"लाँच गेली गो."

"उशिरा निघालात का, बाबा? साडेआठची होती."

"तुझ्याच पानावर सव्वानव लिवलंय. मी बघूनच निंगालो."

मागच्या मोसमात मीच त्यांना पाठवलेली ती लिंक. उघडून पाहिली, तर जुनं पान सर्व्हरवर जसंच्या तसं. माझी स्क्रिप्ट बदललेल्या फाइली तिकडे पाठवत होती, पण काढलेल्या फाइली तिकडून पुसत नव्हती. मी विसरले नव्हते. चालत्या साइटवरून काही उडवायची भीती वाटली, म्हणून मुद्दाम गाळलं होतं. साहेबांच्या रिस्कला हसणारी मी! बाबा काळा चष्मा लावून जेट्टीवरच्या टपरीच्या बाकावर बसले होते. त्यांना आणायला गेले तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या लाँचने तपासणीची वेळ गाठता येणार नव्हती; डॉक्टरांनी पुढची तारीख दिली ती दहा दिवसांनी.

साहेबांना मीच कळवलं. संध्याकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी सांगतच होतो. उद्यापासून पूर्ण फोल्डर. आणि सोमवारी पनवेल."

चूक मला मान्य होती, सोमवार मान्य नव्हता.

"साहेब, पूर्ण फोल्डर चढवला असता तरी ते पान तिथेच राहिलं असतं. नवं वर टाकलं म्हणून जुनं निघून जात नाही."

त्यांना पटेना. मग हातच्या काकणाला आरसा कशाला? मी स्क्रीनवर सर्वांना त्यांच्याच हातचं एक पान उघडून दाखवलं. दिवाळीची सवलत, कुठल्या तरी जुन्या वर्षाची. गिटमधून ते मी नोकरीला लागायच्या आधीच काढलेलं. त्यानंतर अख्खा फोल्डर कितीदा चढला असेल देव जाणे, पण सर्व्हरवर पणत्या लुकलुकतच होत्या.

कोणीतरी हसलं. मी नाही हसले. म्हटलं, "काय काढलं तेही गिटला माहीत असतं. विचारायला मी घाबरले, आता विचारीन. आधी यादी दाखवीन, मग पुसेन. बाकी पद्धत हीच राहील आणि मीही इथेच राहीन. नाही पटलं तर खुशाल दुसरं कोणी बघा." आवाज खणखणीत होता.

साहेब म्हणाले, "आधी त्या पणत्या काढा."

सोमवारी मी घरीच होते.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी बाबांनी फोन नाकाशी धरून तीच जुनी लिंक उघडली. मी थेंबांची बाटली घेऊन शेजारी उभी होते.

"गो, हे पान न्हाय म्हनतंय."

"न्हायच पाहिजे, बाबा."

"मंग आता तुझं खरं," म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून डोळा वर केला.