उलटी उमटलेली खूण

त्या दिवशी घरात आत्याजवळ बसायला कुणी नव्हतं, एवढ्याच कारणानं मी तिला शिरूरच्या महोत्सवाला नेलं.

मी तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. शिरूरमधला लग्नपत्रिका छापणारा एक प्रेस बंद पडला, तेव्हा त्याच्या मालकानं ती शेड आम्हा चार-पाच कलाशिक्षकांना वापरायला दिली. त्या मालकांना आम्ही सगळेच मामा म्हणायचो. कुणीही यावं, लाकडावर नाहीतर लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीवर कोरावं, शाई लावून छापावं आणि कागद घरी न्यावा, असा तिथला शिरस्ता. डिसेंबरात चार दिवस छापकामाचा महोत्सव भरायचा. थंडीनं शाई घट्ट व्हायची, म्हणून मामा सकाळी डबे उन्हात मांडून ठेवायचे. बायका कापडी पिशव्यांवर छापायला शिकायच्या, लहान मुलं भेंडीचे काप रंगात बुडवून ठसे उमटवायची. त्या शाईचा वास आजही कुठं आला तर माझे पाय थबकतात.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली, ती कायमची. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलं होतं. माझ्या जन्मापर्यंत आमच्या दारात एकही मेंढी उरली नव्हती. सगळे उसाच्या शेतीला लागले होते.

मी तिला उन्हात खुर्ची दिली आणि हातात लिनोचा तुकडा ठेवला. तिनं तो आधी हुंगला.

"हा तर चपलेचा तळ हाय की गं!"

"यावर कोर काहीतरी. मनात येईल ते."

बाकीच्या बायका पेन्सिलीनं फुलं काढत होत्या, खोडत होत्या. आत्यानं पाती उचलली आणि दहा मिनिटांत कोरून मोकळी झाली. एक उभी रेघ आणि तिला उजवीकडं फुटलेल्या दोन आडव्या फाट्या, बस्स. मी शाई लावली, कागद ठेवला, प्रेस फिरवला. कागद उचलला तशी ती खुर्चीतून अर्धी उठली.

"हे आमचं न्हाई. फाडून टाक."

"अगं, तूच कोरलंस ना?"

"आमच्या फाट्या उजवीकडं. ह्या डावीकडं गेल्या. हे धाकल्या काकाच्या वाड्याचं हाय."

छापताना सगळं उलटं उमटतं, हे तिला सांगायचं मी विसरले होते.

वाडा म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी कुटुंबं. मेंढ्यांच्या पाठीवर लाल मातीच्या कावेनं ही खूण काढायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आत्याचे वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ एका घोडीवरून भांडून वेगळे झाले होते. धाकट्यानं खूण उलटी करून घेतली आणि आपली मेंढरं वेगळ्या वाटेनं नेली. त्याची मुलगी आणि आत्या तोवर एकाच घोंगडीत झोपायच्या. त्यानंतर त्यांची भेट नाही, एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा नाही.

मी कागद फाडला नाही. बाकीच्या छाप्यांबरोबर दोरीला लावला. परतताना जीपमध्ये आत्या माझ्याकडं पाठ करून बसली.

तिसऱ्या दिवशी मांडवगण फराट्याहून पिशव्या छापायला येणारी एक सून त्या कागदापुढं उभी राहिली.

"मॅडम, हे कुणी काढलं? आमच्या सासूबाई घोंगडीच्या कोपऱ्यात हेच टाचतात."

"उद्या त्यांना घेऊन याल का?" एवढंच म्हणाले. घरी आत्याला मात्र काही सांगितलं नाही. उद्या शेवटचा दिवस आहे, चल, असं म्हणून तिला नेलं.

सुनेचा हात धरून एक बारकीशी म्हातारी आली. कागदाजवळ गेली, बोट लावलं. थंडीमुळं शाई अजून ओली होती, बोट काळं झालं.

"आमचं निशाण कुणी काढलं?"

"तुमचं कसलं? माझं हाय. उलटं उमटलंय," आत्या खुर्चीतूनच खेकसली.

म्हातारी आवाजासरशी वळली. "अक्का?"

आत्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "म्हातारी झालीस की गं."

"आन् तू काय तरणी हायस व्हय?"

रडारड होईल असं मला वाटलं होतं. पण त्या दोघी बसल्या आणि भांडायला लागल्या. घोडी पांढरी होती की ठिपक्यांची, ती नेमकी कुणाच्या बापानं आणली, सोडून कोण गेलं. मामांनी आणलेला चहा निवून गेला. मग आत्यानं विचारलं, "पुढं त्या घोडीचं काय झालं?"

"मेली की. त्याच साली. नदीकाठी पान लागलं. नाग व्हता."

"त्याच साली?"

"व्हय. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई?"

आत्यानं मान हलवली. मग तिनं पुढं होऊन बहिणीचं काळं बोट आपल्या पदरानं पुसलं. पदर खराब झाला, बोटावरची शाई काही निघाली नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतून एकदा कधी ही तिकडं, कधी ती इकडं, असं सुरू झालं. दोन्ही घरच्या कर्त्या माणसांनी आधी तोंडं वाकडी केली, मग लग्नाच्या पत्रिका यायला लागल्या. तीन वर्षं असं चाललं.

आत्यानं अंथरूण धरलं तेव्हा ती बहीण, माझी चुलत आत्या, पिशवीत दोन लुगडी घेऊन आली आणि बारा दिवस राहिली. रोज आत्याचे केस विंचरायची. विंचरता विंचरता दोघी जुने मुक्काम आठवायच्या: यवतच्या रानात किती दिवस, पुढं कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली, पाणी कुठं गोड होतं. मी शेजारी बसून वहीत लिहून घ्यायचे. आत्या गेली तेव्हा त्यांची आठवणीतली वाट घाटापर्यंत आली होती. घाट उतरून कोकणातले मुक्काम चुलत आत्यानं मला एकटीनं सांगितले.