गुणवंतरावांचा ठेंगणा पेन

राजुऱ्याच्या गुणवंतरावांनी उभी हयात एसटी चालवली. चंद्रपूर, गडचिरोली, पार सिरोंचापर्यंतचे रस्ते पाठ. पण गाडी थांबवून कडेचं काही बघायला कधी सवड झाली नाही. निवृत्त झाले अन् लकव्याचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात मात्र ढिला पडला. माणूस घरात बसून कुढायला लागला.

त्यांची लेक पुनम नागपूरला नोकरीला. तिनं बापाला जिओकॅशिंगचा नाद लावला. कोणीतरी कुठंतरी डबी लपवतो, मोबाईलवर तिचा ठावठिकाणा देतो. आपण ती हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं अन् डबी परत तिथंच ठेवायची.

पहिली डबी चंद्रपूरच्या किल्ल्याच्या परकोटाजवळ सापडली. पण गुणवंतराव वाकले तसा शर्टाच्या खिशातला पेन सटकून दगडांच्या फटीत गेला.

"माझ्याजवळ आहे पेन. मी लिहून टाकते," पुनम म्हणाली.

"राहू दे. माहं नाव मीच लिहीन." पुनमचा पेन मात्र त्यांच्या बोटांत ठरेना. शेवटी नाव न लिहिताच डबी ठेवून दिली.

तिथून बायकोला, सुगंधाबाईला, अन् लेकीला घेऊन ते थेट गोल बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात शिरले. परत सटकू नये म्हणून पेन आता पँटच्या खिशात मावणारा हवा होता. लांब पेन बसताना मांडीला टोचायचा. डायरीसोबतचा बारकुला पेन खिशात बसला, पण बोटांतून निसटला. जेल पेनची शाई त्यांच्या रेंगाळत्या हाताखाली फिसकटली. दुकानदार एकेक खोका उघडत होता.

"पेन घेऊन राह्यले का जावई पाहून राह्यले?" सुगंधाबाई वैतागली.

तेवढ्यात काउंटरवरच्या बरणीत त्यांना एक पेन दिसला. ठेंगणा, जाडजूड, चार रंगांचा, अन् डोक्यावर गुलाबी ससा.

"काका, थो लेकरायचा आहे," दुकानदार म्हणाला.

गुणवंतरावांनी तो मुठीत धरून कागदावर रेघ ओढली. पेन मुठीतून निसटला नाही. "लेकरायचा असो का म्हाताऱ्याचा, धरता येते ना बाप्पा!"

पुढच्या रविवारी तिघं गडचिरोलीच्या रस्त्याला लागली. ज्या वळणावरून गुणवंतरावांनी हजारदा गाडी काढली होती, तिथल्या मोहाच्या झाडाच्या ढोलीत डबी होती. ते मुळीवर बसले, कागद मांडीवर घेतला अन् लिहायला लागले. कपाळावर घाम आला. पुनमचा हात पुढं झाला होता. तिनं तो हळूच मागं घेतला. 'ण' कलंडला, 'राव' खाली घसरला, पण नाव उमटलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच. ते किती तरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले.

"अन् माहं नाव?" सुगंधाबाईनं विचारलं.

"तू कुठी शोधली डबी? सावलीत बसून होती तं!"

"मंग तुमाले भाकर कोन खाऊ घालून राह्यलं?"

गुणवंतराव हसले. हिरव्या रंगाचं बटन दाबून त्यांनी आपल्या नावाशेजारी 'सुगंधा' लिहायला घेतलं.

"हिरवा काऊन?"

"मले आवडते."

पदर सावरून सुगंधाबाई त्यांच्या बाजूला बसली, अन् कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याची कड बोटानं दाबून धरली.