न पाहता लिहिलेल्या वेली

पुण्यात जपानी शिकले तेव्हा झाडंझुडपं वहीतूनच पाठ केली. लंडनच्या पिनर उपनगरात आल्यावर सहा वर्षं ती वही बॅगेच्या तळाशी होती. मग जवळच्या एका जुन्या बागेच्या हेड गार्डनरने विचारलं, जपानी पाहुण्यांसाठी वेलींच्या नावांच्या पाट्या लिहून द्याल का? जमलं तर बागेच्या जपानी माहितीपुस्तकाचं कामही मलाच मिळणार होतं. मला ते काम हवं होतं.

किचन टेबलाशी डिक्शनरी घेऊन बसले आणि एका दुपारीत नऊ नावं पाठवून दिली. आयव्ही दिसली की 'त्सुता', विस्टेरिया दिसली की 'फुजी'. आपल्याकडे वेल मांडवावर चढली की पुढच्या चौकश्या कोण करतं?

शेजारच्या जपानी आजींनी यादी वाचली आणि पहिल्या आयव्हीवर बोट ठेवलं.

"हिची पानं थंडीत गळतात?"

"माहीत नाही."

"मग लिहिलंत कसं? गळतात ती त्सुता. हिरवी राहते ती किझुता. आणि या फुजीचा पीळ घड्याळाच्या काट्यासारखा आहे की उलटा? उलटा असेल तर ती चिनी. तिचं नाव वेगळं."

"पीळही बघायचा?"

"हात लावून बघा. डोळे घाई करतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर ऐन थंडीतलं धुकं. भिंत कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. पहिल्या भिंतीवर ओली हिरवी पानं हाताला लागली. पुढच्या भिंतीवर नुसत्या काड्या, पालीच्या बोटांसारख्या विटांना चिकटलेल्या. विस्टेरियाच्या खोडावरून तळवा फिरवत गेले. पीळ मला गोल गोल घेऊन चालला होता, उलट्या बाजूने. किती वेळ गेला कोण जाणे.

धुक्यातून गार्डनर आला. म्हणाला, "यादी कालच पाट्या कोरायला गेली."

"थांबवा. दोन नावं चुकलीत. चूक माझी."

त्याने फोन काढला. "आणि बाकीची सात?"

"एक आत्ताच पाहिली, नुसत्या काड्या उरलेली, ती बरोबर आहे. सहा अजून पाहिलेली नाहीत."

त्याने फोन केला, मग खिशातून हातमोजे काढून पुढे केले. मी नको म्हटलं.

"माहितीपुस्तकाचं मे महिन्यात बोलू," तो म्हणाला. "सगळं फुलल्यावर. तुम्हाला बघायला लागतं ना."

मी पुढच्या वेलीकडे वळले. ती अजून धुक्यातच होती.