वजन उतरल्यावर

मुलगी पाचवीत असताना शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी तिच्या कार्डावर ‘वजन जास्त’ असं लाल शाईनं लिहून दिलं. मी ते कार्ड फ्रिजवर चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसायचं. तिला लाज वाटली तर बरंच होईल, असं तेव्हा मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून बिस्किटं, फरसाण, पाव बंद. डब्यात ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, काकडी. वर्गातल्या मुली नाकं मुरडायच्या म्हणून ती झाकण अर्धवट उघडून खायची, हे मला फार उशिरा कळलं. दर रविवारी तिला काट्यावर उभी करायचे. वजन उतरलेलं नसलं की मी काही बोलायचे नाही, पण माझं ते न बोलणंच तिला लागायचं.

संध्याकाळी तिला खो-खोला घातलं. पहिले दोन महिने ती रडत गेली. धाप लागायची, बाकीच्या हसायच्या. एकदा म्हणाली, “आई, हवं तर मी भातसुद्धा सोडते, पण मैदान नको.” मी ऐकलं नाही.

मग कधीतरी ते रडणं थांबलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, चार वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ती बुटाच्या नाड्या बांधून तयार असायची. फुटलेल्या गुडघ्यांना मी हळद लावायचे आणि ती कुणाला कसं हुलकावलं ते हातवारे करून सांगायची. जेवायलाही स्वतः मागून दोन भाकऱ्या घ्यायची. काट्याकडे तर ढुंकूनही बघायची नाही.

ती दहावीत गेली तेव्हा तिचे खो-खोचे सर घरी आले. अक्कलकोटकडचे, साधे गृहस्थ. म्हणाले, “ताई, पोरगी लई चपळ हाय. जिल्ह्याच्या संघात निवड झालीय. बाहेरगावी पाठवावं लागंल. व्हय म्हणा की.”

“सर, यंदा दहावी आहे. वजनासाठी घातलं होतं, ते उतरलं. आता बास.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “वजनासाठी? आवो, ती वजनाचं कवाच इसरली.”

मुलगी दारातच उभी होती. मला वाटलं, आदळआपट करेल. सर गेल्यावर तिनं त्यांचा कप उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, “तुला खेळणारी मुलगी नकोच होती, आई. बारीक हवी होती.”

मी म्हटलं, “पुढं कळेल तुला.”

मार्क चांगले पडले. मी पेढे वाटले. अकरावी, बारावी, क्लास, मग इंजिनिअरिंग. मैदानाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि मला ते सोयीचंच होतं.

आता ती वीस वर्षांची आहे. कॉलेजातून आली की खोलीचं दार लावून मोबाईल घेऊन पडते. जेवण बाहेरून मागवते, माझ्या भाकरीला हात लावत नाही. जिना चढताना तिला दम लागतो.

परवा मी धीर करून म्हटलं, “उद्यापासून सकाळी तळ्यावर फिरायला जाऊ या का? दोघीच.”

मोबाईलवरून नजर न काढता तिनं विचारलं, “का? परत जाड दिसायला लागले?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण मनात तेच होतं, आणि ते तिला माहीत होतं. मी दार ओढून घेतलं.