तुम्ही अभिनय करत नव्हताच

२०२०च्या उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले, तेव्हा आयर्लंडमधल्या नावन गावातल्या आमच्या हौशी फिल्म क्लबने एक लघुपट केला. अंथरुणाला खिळलेला आयरिश म्हातारा आणि त्याची काळजी घेणारी भारतीय नर्स. नर्स मी. प्रत्यक्षात मी सॉफ्टवेअर टेस्टर, सुई दिसली तरी मान फिरवणारी. माणसाला कुशीवर कसं वळवतात हे मी हॉस्पिटलात काम करणाऱ्या शेजारणीकडून शिकले. तिच्या नवऱ्यालाच सोफ्यावर निजवून सराव केला. तो बिचारा गुदगुल्या झाल्यासारखा हसत सुटायचा.

पुढच्या वसंतात एका महोत्सवाचा निकाल ऑनलाइन लागला. अभिनयाचं बक्षीस म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाला. नट चांगला, माणूसही चांगला. पण फिल्मभर तो झोपून होता. मला काय, तर ‘सांस्कृतिक वैविध्यासाठी विशेष उल्लेख’.

परीक्षक बाई अगदी मनापासून म्हणाल्या, “तुम्ही इतक्या सहज वावरलात, की अभिनय वाटलाच नाही. तुम्ही तुम्हीच होतात.”

माझं डोकंच सणकलं. मी माइक सुरू केला.

“मी नर्स नाही. यांनी आजारी माणूस हुबेहूब उभा केला तर तो अभिनय, आणि मी नर्स उभी केली तर तो माझा स्वभाव? बक्षीस त्यांनाच राहू दे. पण हा उल्लेख मला नको.”

“ग्रँड, ग्रँड,” असं इथल्या पद्धतीने ‘छान, छान’ म्हणत सूत्रसंचालक पुढच्या विभागाकडे वळला.

आईला पुण्याला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “घ्यायचं होतंस गं. फुकटचं मिळत होतं.”

“फुकटचं होतं म्हणूनच नाही घेतलं.”

त्याच दिवसांत ऑफिसच्या कॉलवर मोठ्या सिनेपुरस्कारांच्या गप्पा चालायच्या. एक सहकारी म्हणाला, “यंदा यादीत गोरे नसलेलेही बरेच आहेत. मिटला ना प्रश्न?”

“त्यांना भूमिका कसल्या मिळाल्यात ते बघ,” मी म्हटलं. “किती जण सोसतायत, किती जण लढतायत, आणि नुसतं प्रेमात पडायला किती जणांना मिळालंय?” तो हवापाण्यावर घसरला.

शरदात आमच्या लघुपटाच्या दिग्दर्शकाचा नव्या फिल्मसाठी फोन आला. “भारतीय डॉक्टरची भूमिका आहे. तुला सहज जमेल.”

“आणखी कोणत्या आहेत?”

“वडिलांचं घर विकायला निघालेली थोरली मुलगी. पण ती इथली आहे, आपल्या मीथ काउंटीची.”

“तिचीच ऑडिशन घे.”

“लोक विचारतील, ही त्या घरातली कशी?”

“विचारू देत.”

मी ऑडिशन दिली, पण मुलीची भूमिका दुसरीला मिळाली. डॉक्टर व्हायला मी नकार दिला आणि डिसेंबरात पुढच्या फिल्मच्या ऑडिशनला पुन्हा जाऊन बसले. या वेळी शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं लावून खिडकीतून मजा बघणारी बाई होती. ती मिळाली. तिच्यात सेवा नाही, सोसणं नाही, निव्वळ दुष्टपणा. तो मी मनसोक्त केला.