आठव्या पडद्याची लव

पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे काकू म्हणत. मालकही म्हणत, आणि मालक त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते. लांबलचक खोलीच्या मधोमध काकूंचं कापायचं टेबल होतं. तीन माणसं आरामात आडवी झोपतील एवढं मोठं. पण पस्तीस वर्षांत त्यावर काकूंशिवाय कुणाची कात्री चालली नव्हती.

वर्षअखेरीस काकू निवृत्त व्हायच्या होत्या. मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, "तोवर कुणी तयार झालं तर ठीक. नाहीतर टेबल विकून टाकू आणि कापलेला माल बाहेरून घेऊ." टेबल जाणार ही कल्पना काकूंना घशाखाली उतरत नव्हती. पण माणसंच टिकत नव्हती, त्याला त्या काय करणार? सहा वर्षांत अकरा तरुण आले नि गेले. काकूंच्या मते दोष पिढीचा होता. "उभ्याने काम दिलं की यांचे पाय दुखतात, बसून दिलं की पाठ. आडवं पडून करायचं काम अजून निघालेलं नाही."

मालकांनी त्यांना एका व्याख्यानाला धाडलं. विषय, तरुणांना कामाची गोडी कशी लावावी. तिथल्या गृहस्थांनी दिवसातून तीनदा कौतुक करायला सांगितलं. काकू शिस्तीच्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दहा, एक आणि चार वाजता "छान" म्हणू लागल्या. दवाखान्यात "पुढचा पेशंट" म्हणतात त्या सुरात.

"आई, कशाला छान ते तरी सांगत जा," घरी हे ऐकून लेक म्हणाली.

"वेळ झाली की म्हणते," काकू म्हणाल्या.

बारावी आलेली मुलगी मात्र पाच महिने टिकली. तिला सगळे चष्मिष्ट म्हणत. तिचा हात इतका सफाईदार होता की काकूंनी मनातल्या मनात टेबल तिच्या हवाली करून टाकलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

एका नाट्यगृहाचे आठ मखमली पडदे बुधवारी जायचे होते. सोमवारी सातवा पुरा झाला आणि चष्मिष्टने राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला.

"का गं? काय कमी आहे इथं?"

"शिकायला मिळत नाही, काकू."

"मी दिवसभर घसा फोडून सांगते ते काय मग?"

"सांगता. पण मी शिवलेलं, मी जेवायला गेले की उसवून परत शिवता."

हे खरं होतं, आणि अकराही जणांच्या बाबतीत खरं होतं. सुट्टीत पाच मिनिटांत डबा संपवून त्या मुलांच्या चुका निस्तरून ठेवत. पोरांना तोंडावर कशाला दुखवा, असा त्यांचा हिशेब. त्यांना तो स्वतःचा मोठेपणा वाटे.

"तुला कसं कळलं?"

"मी धाग्याला दोन गाठी मारते. परत येऊन बघते तर एकच असते."

"एकच पुरते," काकू म्हणाल्या, आणि त्याच तिरीमिरीत आठवा पडदा त्यांनी एकटीने संपवला.

मंगळवारी सकाळी घड्या घालताना चष्मिष्टने त्यावर तळहात फिरवला. मखमलीला लव असते. एकीकडून हात गुळगुळीत सरकतो, उलटीकडून अडतो. आणि लव उलटी लागली की एकाच ताग्याचे पडदे दोन रंगांचे दिसतात.

"काकू, आठवा उलटा आहे."

"काहीतरीच! तू शाळेतसुद्धा नव्हतीस तेव्हापासून मी मखमल शिवतेय."

"हात फिरवून बघा."

काकूंनी फिरवला. मग चष्मा लावून फिरवला. उलटाच होता.

"तुम्ही जेवायला गेल्यावर गुपचूप नीट केला असता," चष्मिष्ट म्हणाली, "पण मग तुम्हाला कळलं नसतं."

टोमणा बरोबर जागी बसला. कापड शिल्लक नव्हतं आणि वरच्या पट्टीत कड्यांची छिद्रंही पाडून झाली होती. काकू छिद्रांकडेच बघत राहिल्या.

"वरची बाजू खाली घेऊ," चष्मिष्ट म्हणाली. "छिद्रं खालच्या दुमडीत दडतील. आणि आत्ताची दुमड उसवली की वरच्या पट्टीपुरतं कापड सुटतं."

"दुमडीची खूण?"

"वाफेने जाईल."

काकूंना हे सुचलं नव्हतं. मनाला लागलं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

काकूंनी उसवलं, चष्मिष्टने शिवलं. एक वाजता ती जेवायला गेली. खोलीत काकू, पडदा आणि उसवायची सुरी. तिसऱ्या कड्यापाशी शिवण तिरकी गेली होती. काकूंनी सुरी दोनदा उचलली, दोनदा ठेवली, आणि शेवटी ती तिथेच टाकून जेवणाच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तिसऱ्या कड्यापाशी शिवण तिरकी आहे."

"तुमच्या डोळ्यांना की प्रेक्षकांच्या?"

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोघांच्या."

"मग जेवून आले की काढते."

"काढ. बाकीची सरळ आहे." काकू वळल्या, पुन्हा फिरल्या. "छिद्रं दडवायचं मला सुचलं नसतं." घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती, ही कौतुकाची वेळ नव्हे.

बुधवारी पडदे गेले. काकूंनी कात्री चष्मिष्टपुढे सरकवली. "पुढचा तागा तू काप. मी खिडकीपाशी बसते."

चष्मिष्टने राजीनाम्याचा कागद उचलला. फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला.

"महिनाभर बघते," ती म्हणाली. नव्या माणसाला कामावर घेताना मालक म्हणतात, तसंच.

साठीला टेकलेल्या काकूंनी मान डोलावली आणि खुर्ची खिडकीकडे ओढली. अकरा वाजेपर्यंत त्या चारदा उठल्या आणि चारदा परत बसल्या. कात्री चालूच होती.