पहिल्या पोळीचा मान

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे वहिनी, स्वतःला गाय म्हणवून घेत. त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली, तेव्हा इंदूरला ऑपरेशन करून गायीच्या हृदयावरच्या पडद्यापासून बनवलेली नवी झडप बसवली. सासूबाईंनी ऐकून कानांवर हात ठेवले. वहिनी माधवनगरच्या घरी आल्या आणि पहिल्याच दिवशी जेवायला बसता बसता म्हणाल्या, "सुमन, पहिली पोळी गायीची ना? मग वाढ इकडे." सगळे हसले, सासूबाईसुद्धा. मी गॅसपाशी होते. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून पहिली पोळी त्यांची. ती चाचपून त्या म्हणत, "कड जरा कच्ची आहे, पण चालेल." रोज हेच. मला शेवटची मिळे, उरल्यासुरल्या कणकेची, वेडीवाकडी.

वहिनींना बोलता येई, मला येत नसे. शेजारची भाभी तासभर त्यांच्यापाशी बसे आणि मला फक्त पाणी मागे. माझ्या नवऱ्याने त्यांच्यासाठी भैरवगढहून तिथली नावाजलेली छापील चादर आणली. माझ्या दोन बाळंतपणांत नवऱ्याला चादर सुचली नव्हती. वहिनी ती पांघरून म्हणाल्या, "भाऊजींची पसंती चांगलीच असते. तुला नाही का पसंत केलं?" म्हणजे मला रागवायचीही सोय त्यांनी ठेवली नाही.

रक्त पातळ ठेवायची गोळी काही महिने रोज घ्यायची होती. नाहीतर नव्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं. एकादशीला मी गोळी पुढे केली, तर वहिनी म्हणाल्या, "जेवणानंतर घ्यायची सांगितलीय. आज जेवण कुठंय?" मी गोळी परत डबीत टाकली. चतुर्थीलाही तसंच झालं. "तू घरात बोलू नकोस, उगाच सगळे मागे लागतील," असं त्यांनी सांगितलं.

ऑपरेशनला दोन महिने होतात तोच नवरात्र आलं. वहिनींनी नऊ दिवस धरले. एवढं ऑपरेशन होऊनही उपास करतात, म्हणून येणारी प्रत्येक बाई त्यांचं कौतुक करी. उपास माझेही होते. मी त्याच उपासात सगळ्यांचा स्वयंपाक करत होते. नऊ दिवस गोळ्या डबीतच राहिल्या. त्या मला दिसत होत्या. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. पण मनात आलं, एवढं कौतुक होतंय ना, मग घ्या.

दसऱ्यानंतर त्यांना दम लागू लागला. उशी टेकून बसल्याशिवाय त्यांना झोप येईना. तरी चार दिवस मला ते नाटकच वाटलं. पाचव्या दिवशी ओठ निळसर दिसले आणि मी नवऱ्याला हाक मारली.

इंदूरला तपासणीत झडपेवर गुठळी दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दवाई रोज़ ली थी?" वहिनी धापा टाकत म्हणाल्या, "हाँ जी, रोज़." पुरुष माणसं उभी होती. दीर होते, माझा नवरा होता. परक्यांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी पदर धरून म्हणाले, "नहीं ली. उपास में नहीं ली. मुझे मालूम था."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

पुन्हा छाती उघडावी लागली नाही. इंजेक्शनं आणि तीच गोळी, यांनी गुठळी हळूहळू विरघळली. घरी आल्यावर मी पहिली पोळी वाढली आणि बोलणी खायची तयारी ठेवली. वहिनींनी पोळीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला. "खा. तू बोललीस म्हणून मी खातेय." मी हात पुढे केला नाही. आधी मी गप्प का राहिले होते, ते फक्त मला ठाऊक होतं. शिवाय खरं सांगायचं तर तेव्हाही मला हेवाच वाटला, की मोठेपणाही यांनाच जमावा. तो तुकडा ताटात गार झाला.

त्यानंतर दर उपासाला मी त्यांना शिंगाड्याची एक पोळी करून देई आणि लगेच गोळी. पुढे त्या मुलाकडे नाशिकला गेल्या आणि मागच्या वर्षी तिथेच वारल्या. झडप शेवटपर्यंत चांगली चालली, असं पुतण्या म्हणाला.

आता पहिली पोळी मी गल्लीतल्या गायीला घालते. ती खाते आणि पुढच्या दाराशी जाते. मी मात्र थोडा वेळ तिथेच थांबते. कड कच्ची आहे, असं कोणी म्हणत नाही.